ब्रेकवरची वीट

बाईंनी स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेवर दाबून धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला बोटाने जवळ बोलावलं.

"या, इथून बघा. फिल्मवर डावीकडे दिसते ती माणसाची उजवी बाजू, हे आधी लक्षात ठेवा. तर ही उजवी. काळंभोर दिसतंय ना? ती सगळी हवा. आता इकडे. ही पांढरी कड दिसतेय? संत्र्याला साल असावी तशी, फुप्फुसाभोवती?"

तो माणूस आपल्या भावाला तपासायला घेऊन आला होता आणि भिडस्त होता. उठून काचेपाशी आला. "दिसतेय."

"एरवी ती दिसतच नाही, इतकी पातळ असते. दोन पदर, आणि मधे चमचाभर पाणी. त्या ओलाव्यावर फुप्फुस घसरत राहतं, म्हणून तर श्वास घेतलेला आपल्याला कळत नाही. काय सोय आहे बघा!"

"कुणाचं आहे हे?"

"माझं," बाई म्हणाल्या. नातवाचा फोटो दाखवावा तसा त्यांचा सूर होता.

"जपा हं, मावशी," एवढं पुटपुटून तो जागेवर गेला आणि भावाच्या गळ्याभोवतीचा मफलर उगीचच सारखा करू लागला.

बाईंनी फिल्म पाकिटात घातली. बसवेना म्हणून दोन येरझाऱ्या घातल्या, दम लागला म्हणून बसल्या, आणि बसल्यावर पाय हलवू लागल्या. काल दुपारी इथून फोन आला होता: तपासायला काढलेल्या तुकड्याचा अहवाल आलाय, सगळ्या डॉक्टरांची मिळून बैठक झालीय, नव्या औषधांसाठी तुम्ही योग्य ठराल असं दिसतंय, दोघंही या. तेव्हापासून सहलीच्या आदल्या रात्रीच्या पोरीसारखी त्यांची गत झाली होती. आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या घाबरल्या नव्हत्या असं नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या होत्या, बराच वेळ. पण आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईला भीती एकाच जागी धरून ठेवता येईना. छातीतलं पाणी काढलं तेव्हा त्यांनी बाटली उजेडात धरायला लावली होती. रंग पातळ चहाचा होता. "वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ आहे," असं त्या परिचारिकेला म्हणाल्या होत्या, आणि ती बिचारी त्यांच्याकडे बघतच राहिली होती.

फोन वाजला. लेक होती.

"आई, आत गेलात का?"

"नाही अजून. तुझे बाबा गाडी लावतायत."

"इतका वेळ? गाडी लावतायत की धुतायत?"

"आता आले बघ. ठेव. आणि दर पाच मिनिटांनी फोन करू नकोस, मला दम लागतो बोलून."

"तू बोलायला लागलीस की मलाही लागतो," लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

मिस्त्री घामेजलेले आले. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, घासून घासून लाल केलेले हात. त्यांचं ब्रेकचं गॅरेज होतं. इंजिनाला ते हात लावत नसत. "ते दुसऱ्याचं काम," म्हणत. पण ब्रेक करून घ्यायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत. गॅरेजमध्ये सगळे त्यांना मिस्त्री म्हणत आणि शाळेत सगळे त्यांच्या बायकोला बाई. लग्नानंतर दोघांनी एकमेकांची ती नावं आधी चिडवायला उचलली, मग ती चिकटूनच राहिली.

"मागच्या बाजूला मिळाली जागा," मिस्त्री टेकत म्हणाले. "आणि तू त्या माणसाला काय शिकवत होतीस? मी दारातून बघत होतो. फी देणार नाहीत ते लोक."

"कुतूहल होतं त्याला."

"त्याला पळून जायचं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आत गेल्यावर ऑपरेशनचं आधी विचारायचं."

"आधी त्या काय सांगतात ते ऐकू."

"त्या दुसऱ्या सर्जननं सांगितलंय ना, करता येईल म्हणून? मग करून टाकू. उघडायचं, खरवडायचं, स्वच्छ करायचं, मोकळं."

"मी काय ब्रेकचा ड्रम आहे?"

"ड्रम असतीस तर एव्हाना लावून रस्त्यावर सोडली असती."

सकाळपासून, खरं तर महिनाभर, हेच चाललं होतं. दुसरं मत घ्यायला ज्या सर्जनकडे गेले होते, त्याने "विचार करता येईल" एवढंच म्हटलं होतं. मिस्त्रींनी ते उचलून धरलं होतं. हा माणूस एरवी डोकेदुखीची गोळीसुद्धा अर्धी करून घेणारा. त्याला बायकोची छाती उघडण्याची एवढी घाई का, हे बाईंना उमगत नव्हतं. त्यांना स्वतःला ऑपरेशन नको होतं. त्यांना ती नवी औषधं हवी होती, आणि मिस्त्री मनापासून तयार व्हायला हवे होते. कारण नेण्या-आणण्यापासून रात्री उठून बघण्यापर्यंत सगळं त्यांनाच करायचं होतं. मन मारून त्यांनी ते केलेलं बाईंना चाललं नसतं.

आतून नाव पुकारलं गेलं.

डॉक्टर तरुण होत्या. बोलताना हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर चित्र काढायची त्यांना सवय होती. बाईंना त्या पहिल्या भेटीतच आवडल्या होत्या, त्या चित्रांमुळे.

"तुमचा मेसोथेलिओमा, म्हणजे हा आवरणाचा कर्करोग, मिश्र प्रकारचा निघाला," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे तुकड्यात दोन्ही तऱ्हेच्या पेशी आहेत."

"गोलसर आणि लांबट, दोन्ही?" बाई पुढे सरकल्या. "एकाच तुकड्यात? मला बघायला मिळतील?"

"सूक्ष्मदर्शकाखाली?"

"मग कशाखाली?"

डॉक्टर हसल्या. "विचारते मी प्रयोगशाळेतल्या सरांना. आजवर कुणी मागितलं नव्हतं."

"ऑपरेशनचं," मिस्त्री म्हणाले.

"तेच आधी सांगते. छाती उघडून फुप्फुसावरचं हे आवरण सोलून काढायचं, असं ते ऑपरेशन असतं. फार मोठं. मिश्र प्रकारात त्याने आयुष्य वाढतं असं दिसत नाही, आणि त्यातून उभं राहण्यातच महिने जातात. आमच्या बैठकीत सर्जनही होते. नको असं तेच पहिल्यांदा म्हणाले."

मिस्त्रींनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

"मग केमो आहे. जुनी, ओळखीची वाट. सलाइनमधून दोन औषधं द्यायची. तीही देता येईल. पण तुमच्या प्रकारात तिच्यापेक्षा दुसरी वाट बरी ठरलीय, आणि तुमचं हृदय, मूत्रपिंडं, थायरॉइड सगळं ठीक आहे, म्हणून ती तुम्हाला देता येईल." त्यांनी कागद उलटा केला आणि दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक लहान. "आपल्या रक्तातल्या या पांढऱ्या पेशी. शरीरात नको ते वाढलं की याच त्याला मारतात. पण त्यांनी आपल्यालाच मारू नये म्हणून त्यांना ब्रेक असतात. कर्करोग लबाड असतो. तो हे ब्रेक दाबून ठेवतो. ही औषधं ब्रेक काढतात."

मिस्त्री खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

"ब्रेक काढतात?"

"म्हणजे, तशा अर्थाने..."

"नाही, नाही. थांबा, मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात, मी तुमच्यापुढे काय बोलणार. पण ब्रेक काढलेली गाडी मी दहा फूट ढकलूसुद्धा देत नाही कुणाला. मोकळ्या मैदानात नाही. आणि तुम्ही हिच्या आत...?"

"अहो," बाई म्हणाल्या.

"अहो काय? उतार लागला तर? कुणाला तरी जाऊन ठोकेल ती!"

"ठोकू शकते," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "ते मी सांगणारच होते. या पेशी कधीकधी आतड्यावर, कातडीवर, यकृतावर, चांगल्या फुप्फुसावरही चालून जातात. सगळ्यांच्यात नाही, पण जातात. वेळेत कळलं तर स्टेरॉइड देऊन आम्ही त्यांना आवरतो. बहुतेकदा आवरतात."

"बहुतेकदा," मिस्त्री म्हणाले आणि बाईंकडे बघितलं. ऐकलंस ना, अशा नजरेने.

बाईंनी डॉक्टरांच्या हातातून पेन घेतलं. मागून घेतलं असं म्हणायचं, पण घेतलंच.

"तुमचा समज चुकतोय. ब्रेक सोडवून काढत नाहीत हो कुणी. हा पेडल समजा." त्यांनी लहान वर्तुळाखाली एक तिरकी रेघ ओढली. "तुमची गाडी चांगली आहे, ब्रेक चांगला आहे, आणि कुणीतरी येऊन पेडलवर वीट ठेवलीय. गाडी हलेल का?"

"नाही हलणार."

"मग तुम्ही काय कराल? इंजिन उघडाल?"

"वीट उचलेन."

"ही औषधं वीट उचलतात. ब्रेक जिथल्या तिथे."

मिस्त्रींनी कागद आपल्याकडे ओढला. त्या रेघेकडे ते बराच वेळ बघत राहिले. कुणी गिऱ्हाईक 'मी स्वतः दुरुस्त करून आणलाय' म्हणत एखादा भाग पुढे करतं तेव्हा बघत तसे. "विटेनं दबून राहिलेला पेडल सुटला की गाडी एकदम उसळी घेते," ते शेवटी म्हणाले.

"म्हणून तर लक्ष ठेवायचं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आणखी एक वाट आहे, तीही सांगायला हवी. यातलं काहीच न करता नुसतं साचलेलं पाणी काढत राहायचं, दम आणि दुखणं सांभाळायचं. तसं निवडणारी माणसंही शहाणीच असतात. अर्थात ते सांभाळणं आपण कुठल्याही वाटेवर करणारच आहोत."

"नव्या औषधांनी बरं होतं का?" हे बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं असं त्यांना वाटत होतं.

"नाही. तसं मी सांगणार नाही. वेळ मिळतो. काहींना थोडा, आणि काहींना आम्हालाही नवल वाटावं इतका. कुणाला किती, हे आधी सांगता येत नाही."

बाईंचा चेहरा उजळला. शाळेत एखाद्या मुलीने पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला की उजळायचा तसा. नवल वाटावं इतका! त्या काही बोलणार तेवढ्यात मिस्त्री पुढे वाकले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते.

"मॅडम, एकच विचारतो. ऑपरेशन केलं तर ती धूळ तरी सगळी निघेल ना?"

"कसली धूळ?"

"म्हणजे... आत जी गेली असेल ती."

डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी समजावून सांगायला सुरुवातही केली: धूळ नव्हे, तंतू असतात ते, केसाहून कितीतरी बारीक, आत रुतून बसले ते बसले, आवरण सोललं तरी सगळे निघत नाहीत, आणि निघाले तरी आता उपयोग नाही, त्यांचं काम केव्हाच झालंय, आता आपलं भांडण पेशींशी आहे.

बाईंना त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. त्या मिस्त्रींच्या हातांकडे बघत होत्या.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का, हा आजार बहुतेकदा त्यानेच होतो. मिस्त्रींनी तोंड उघडण्याआधी बाईंनी उत्तर दिलं होतं. शाळेची प्रयोगशाळा. बर्नरवर तिपाई, तिपाईवर तारेची जाळी, जाळीच्या मधोमध पांढरा अ‍ॅस्बेस्टॉसचा गोल. वर्षानुवर्षं हाताळल्या त्या जाळ्या. उत्तर खोटं नव्हतं. घरीही त्यांनी तेच सांगितलं होतं: लेकीला, जावयाला, जाऊबाईंना. जाळी, जाळी. धूळ हा शब्द त्यांनी एकदाही तोंडातून काढला नव्हता. जाळीची कसली आलीय धूळ? धूळ असायची ती ब्रेकच्या ड्रममध्ये, आतून घासून झिजलेल्या लायनरची. ड्रम उघडला की मिस्त्री नळीने हवा मारत, गॅरेजभर राखाडी ढग उठे, आणि संध्याकाळी तो ढग शर्टापँटीत बसून घरी येई.

आता ते हात टेबलावरून हळूहळू मागे सरकले आणि मांडीवर जाऊन पडले. एवढा मोठा माणूस, शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला होता. म्हणून ऑपरेशन. म्हणून उघडायचं, खरवडायचं. बायको वाचावी म्हणून तर होतंच. पण आपण जे घरात आणलं ते आपल्या डोळ्यांदेखत बाहेर निघावं, म्हणूनही.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "पहिल्या वेळी मी तुम्हाला अर्धवट सांगितलं. जाळ्या होत्याच. पण यांचं ब्रेकचं गॅरेज आहे. त्या काळी लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. यांचे कपडे त्या धुळीने भरायचे आणि ते कपडे घरी मी धुवायची. आता मला सांगा, कारण हे धरलं तर औषध बदलतं का?"

डॉक्टरांचा हात पेन शोधत थांबला. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. मिस्त्री जमिनीकडे बघत होते.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कारण कुठलंही असो, उपचार तोच."

"मात्रा?"

"तीच."

"बाटली?"

"बाटलीही तीच," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. आता त्यांना कळलं होतं. "खुर्चीही तीच असेल. खिडकीजवळची देऊ."

"ऐकलंत?" बाईंनी मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्री बुटाच्या टोकाने फरशीची फट घासत होते.

"मिस्त्री. ऐकलंत का?"

"ऐकलं." त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, मानही पुसली. मग ती रेघ काढलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. "उचला मग वीट. कधी उचलताय?"

"सोमवारी."

"सोमवार म्हणजे परवाच!" बाई जवळजवळ ओरडल्याच, आणि त्यांना खोकला आला.

खोकला थांबेपर्यंत मिस्त्रींनी प्रश्नांची सरबत्ती सुरूही केली होती. काही बिघडू लागलं तर आधी काय दिसेल? जुलाब किती झाले म्हणजे जास्त? पुरळ कुठे येतं? खोकला तर हिला आहेच, मग नवा खोकला ओळखायचा कसा? डॉक्टर एकेक सांगत गेल्या. किरकोळ वाटलं तरी फोन करायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मिस्त्री दोन्ही वेळा "करणार," म्हणाले.

जिन्याशी बाईंनी लेकीला फोन लावला. "सोमवारी! हो, तीच औषधं! अगं, आणि मला माझ्या पेशी दाखवणार आहेत!" पलीकडून लेक काय म्हणाली ते धड ऐकू आलं नाही, ती रडत होती की हसत होती तेही कळलं नाही. मिस्त्री दोन पायऱ्या खाली, हात किंचित मागे धरून, उतरत होते. बाईंचा तोल गेलाच तर सापडावा म्हणून.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली काढली, पण दार उघडलं नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आजाराचं नाव कळलं त्याच दिवसापासून. आणि तुम्हाला?"

"तू जाळी म्हणालीस तेव्हापासून."

"म्हणजे?"

"तुला खोटं बोलता येत नाही, बाई. खोटं बोलायचं असलं की तू फार लवकर उत्तर देतेस. मग दुकानात जाऊन लायनर विकणाऱ्या जुन्या माणसाला विचारलं मी, त्यात काय असायचं म्हणून." ते गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसू लागले, आणि बोटाकडे लक्ष गेलं तसे थांबले. "आई तुला सांगायची, कपडे असेच बादलीत बुडव. तू आधी झटकायचीस."

"कोरडे झटकले की कपडे लवकर स्वच्छ निघतात. ओले केले की चिखल होतो. सासूबाईंना मी हे शास्त्र समजावून सांगितलं होतं, चांगलं अर्धा तास. त्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून त्या नव्वदीपर्यंत जगल्या."

मिस्त्रींच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं, पण निघताना वाटेत कुठेतरी अडकलं.

"बोलू आपण यावर," बाई म्हणाल्या. "हवं तितकं बोलू. भांडायचं असेल तर भांडू. पण आज नाही. आज मला फार आनंद झालाय, तो मला पुरता होऊ द्या."

मिस्त्रींनी मान हलवली. मग किल्ली खिशात टाकली.

"वळ जरा."

"कशाला?"

"वळ तर. टपाला हात टेकव. तो नवा खोकला आणि जुना खोकला मला कळायला हवा. आजचा आवाज ऐकून ठेवतो. औषध गेल्यावर बदलला तर कसा बदलला ते समजेल."

बाई थक्क झाल्या. "औषधाआधीचं निरीक्षण! अहो, हे मला सुचायला हवं होतं."

"गप्प राहा. बोललीस की नीट ऐकू येत नाही."

त्या वळल्या. मिस्त्री वाकले आणि त्यांनी बायकोच्या पाठीला कान लावला. आधी उजवीकडे. मग डावीकडे, वर. मग हळूहळू खाली, बोटभर, बोटभर. एका जागी कान थबकला, पुन्हा वर गेला, पुन्हा तिथेच आला.

"मोठा घे."

बाईंनी घेता येईल तेवढा मोठा श्वास घेतला.

रिकामी होणारी जागा हेरून मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती. तिने हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला, या वेळी लांबलचक. मिस्त्रींनी कान हलवला नाही. नुसता एक हात मागे उंच धरला, पंजा उघडा: थांबा.